पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना बदलताना

घरात आजोबांची किंवा वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती नुसती कापडाखाली झाकून ठेवायची नाही, अधूनमधून रस्त्यावर काढायची आहे, अशांच्या वाट्याला इंजिनाखालोखाल जे काम हमखास येते ते मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगांच्या, टोकांना असणाऱ्या रबरी बुशांचे. इंजिनाचा बिघाड लगेच जाणवतो, पण रबरी बुश वर्षानुवर्षे थोडाथोडा झिजतो आणि चालवणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावत जातो. हे काम घरच्या अंगणात दोन दिवसांत करता येते. त्यासाठी फार महागडी हत्यारे लागत नाहीत. मात्र त्यातली एक गोष्ट चुकली, तर नवे बुश जुन्यांपेक्षाही लवकर फाटतात. ती गोष्ट म्हणजे बोल्ट शेवटचा कधी आणि कोणत्या स्थितीत आवळायचा. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या एका मुद्द्याकडे जाते.

ही गाडी मूळची इटलीची फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली, १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि पुढे कितीतरी वर्षे मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी, असे समीकरण होते. पुढच्या चाकांना तिला स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंगा आहेत. मागे मात्र एकसंध ॲक्सल आहे आणि तो दोन बाजूंच्या दोन कमानी पाट्यांना बांधलेला आहे. पाट्याचे पुढचे टोक बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये एका आडव्या बोल्टवर बसते. मागचे टोक शॅकलमध्ये, म्हणजे दोन पट्ट्या आणि दोन पिना मिळून झालेल्या छोट्या झोपाळ्यात लटकते. चाक धक्क्याने वर उचलले गेले की पाटा सरळ होतो, सरळ झाला की त्याची लांबी वाढते आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी हा झोपाळा मागेपुढे होतो. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या गोल वेटोळ्यांना आपण या लेखात डोळे म्हणू. त्या डोळ्यांत आणि शॅकलच्या वरच्या टोकाशी रबरी बुश असतात.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पद्मिनीच्या मागच्या ॲक्सलला पुढेमागे आणि डावीउजवीकडे धरून ठेवणारी दुसरी दांडी किंवा आर्म नाही. इंजिनाची ओढ, ब्रेकचा धक्का आणि वळणावरचा आडवा जोर हे सगळे पाट्यांमार्फत याच बुशांवर येते. म्हणून बुश गेलेली गाडी नुसती खडखडत नाही, ती सरळ रस्त्यावरही किंचित तिरकी धावू लागते.

बुश फिरत नाही, पिळला जातो

पुढच्या डोळ्यातला बुश तीन भागांचा असतो. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी बारीक पण जाड भिंतीची नळी आणि दोहोंमध्ये पक्के धरलेले रबर. गॅरेजमध्ये याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात घट्ट दाबून बसवलेली असते. आतली नळी डोळ्याच्या रुंदीपेक्षा थोडी लांब असते, त्यामुळे बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही गाल तिला दोन बाजूंनी दाबून धरतात आणि ती जागची हलू शकत नाही. मग पाटा वरखाली होतो तेव्हा फिरते काय? काहीच फिरत नाही. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. ओला पंचा एका टोकाला धरून दुसरे टोक थोडे पिळावे, तसे हे चालते. म्हणूनच या बुशाला तेल किंवा ग्रीस लागत नाही. उलट खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. आवाज येतो म्हणून बुशावर जळके ऑइल सोडण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. तिने आवाज काही दिवस बंद होतो आणि बुश कायमचा जातो.

आता समजा गाडी जॅकवर आहे, चाके हवेत लोंबत आहेत आणि अशा स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला. रबराने तीच आपली सहज स्थिती मानली. पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर हिशेबासाठी अर्धा मीटर धरू आणि ॲक्सल नेहमीच्या जागेपेक्षा १० सेंटिमीटर खाली आला आहे असे मानू, तर डोळा साधारण ११ अंशांनी फिरलेला असतो. गाडी जमिनीवर उतरली की रबर ११ अंश पिळलेल्या अवस्थेतच उभे राहते, रात्रभर दारात उभी असतानासुद्धा. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ पडतो. असे रबर फार काळ टिकत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. वडिलांच्या गाडीचे चारही डोळे एका गॅरेजमध्ये नव्याने बुश घालून घेतले होते आणि गाडी लिफ्टवर असतानाच सगळे बोल्ट आवळून दिले होते. पुढचा पावसाळा संपेपर्यंत कट्कट् पुन्हा सुरू झाली. एक बुश काढून हॅक्सॉने उभा कापून पाहिला, तेव्हा आतल्या नळीपासून रबर अर्धचंद्राच्या आकारात सुटलेले होते. सुटलेल्या भागात काळी पूड साठली होती आणि उरलेला अर्धा भाग अगदी नव्यासारखा चिकटलेला होता. रबर चांगलेच होते, त्याला दिवसरात्र पिळून ठेवले होते एवढेच.

दुखणे नेमके कुठे आहे

पाट्यांना हात लावण्याआधी दोष खरोखर बुशांचाच आहे याची खात्री करावी. मागून येणारे बरेच आवाज शॉकअपच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या, रबरांचे असतात आणि ती बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. गाडी सपाट जागी उभी करून एकाने डिकीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडावा आणि दुसऱ्याने शॉकअपच्या वरच्या व खालच्या टोकाला बोटे लावून पाहावे. ठोका बोटांना लागला, तर दोष तिथे आहे.

बुशाचा आवाज वेगळा असतो. गाडी जागची हलताना एक ‘कट्’ आणि ब्रेक मारताना दुसरा ‘कट्’, म्हणजे ॲक्सल आधी पुढे सरकला आणि मग मागे. वळणावर गाडीचे शेपूट क्षणभर उशिरा मागे येते. कधी एका बाजूचा टायर आतून घासतो. गाडी खड्ड्यावर म्हणजे पिटवर घेऊन, चाके जमिनीवरच ठेवून, लहान पहार डोळा आणि ब्रॅकेटचा गाल यांच्या फटीत घालावी आणि हलकेच रेटावे. चांगला बुश किंचित दबतो आणि लगेच परत येतो. गेलेल्या बुशात आतली नळी एका बाजूला टेकलेली दिसते आणि पहारेला काहीही विरोध होत नाही. शॅकलच्या पट्ट्या हाताने डावीउजवीकडे हलल्या, तर तिथली रबरे आणि बहुधा पिनाही गेल्या आहेत.

याच वेळी एक माप घेऊन ठेवावे. दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या बोल्टाच्या मध्यापासून ॲक्सलच्या नळीपर्यंतचे अंतर फीतेने मोजावे. दोन बाजूंत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर नुसत्या बुशाचा विचार न करता सेंटर बोल्ट (पाट्याच्या मधोमध असणारा बोल्ट) तुटला आहे का, यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) सैल आहेत का, हेही पाहावे लागते. दुसरे माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे, दोन्ही बाजूंचे. हे माप वहीत लिहून ठेवावे. काम संपताना ते लागते.

शेवटची तपासणी गंजाची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच्या तळाशी वेल्ड केलेल्या पोकळ लांब पट्ट्यांवरच पाट्यांचे ब्रॅकेट बसलेले आहेत. पावसाळ्याचे पाणी आणि चिखल तिथेच साठतो, आणि गाडी मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहिली असेल तर खारी हवा उरलेले काम करते. जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ब्रॅकेटभोवतीचा पत्रा टोचून पाहावा. टोक आत गेले किंवा पापुद्रे निघाले, तर आधी पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करून घ्यावे आणि मगच बुशांकडे वळावे. कुजलेल्या पत्र्यावर नवा बुश बसवणे धोक्याचे आहे.

सामान

दोन्ही बाजूंचे सगळे बुश एकदमच बदलावेत, कारण एका बाजूला कडक आणि दुसरीकडे मऊ रबर असले तर ॲक्सल तिरका ओढला जातो. म्हणजे पुढच्या डोळ्यांचे दोन सायलेंट ब्लॉक, शॅकलच्या वरच्या आणि खालच्या टोकांची अर्ध्या-अर्ध्या जोडीची रबरे, शॅकलच्या पिना व पट्ट्या, पुढचे दोन बोल्ट, सगळे नवे नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे), आणि जमल्यास यू-बोल्टही नवेच. एकदा ताणून बसलेला, गंजलेला यू-बोल्ट परत वापरण्यात बचत फारशी होत नाही.

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधण्याची सवय अनेकांना आहेच. तिथे जाताना जुना भाग आणि व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) सोबत न्यावा. पाकिटावर पद्मिनी लिहिलेले असले म्हणून आतला बुश आपल्या गाडीला बसेलच असे नाही, आणि इतक्या वर्षांत आपल्या गाडीला कुणी दुसऱ्याच गाडीची शॅकल लावली असण्याचीही शक्यता असते. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि आतल्या नळीची लांबी, ही तीन मापे दुकानातच ताडून पाहावीत. रबरावर नख दाबावे. नखाची खूण लगेच भरून आली पाहिजे आणि कडेला बारीक तडे दिसता कामा नयेत. वर्षानुवर्षे मांडणीवर पडून राहिलेला, कधीही न वापरलेला बुशसुद्धा म्हातारा झालेला असतो.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश हल्ली सहज मिळतात. ते पिळले जात नाहीत, त्यांच्यात नळी खरोखर फिरते, त्यामुळे त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते कोरडे पडले की कुरकुरतात. शर्यतीच्या गाडीला ते ठीक आहेत. आपल्या रस्त्यांवर, जुन्या पत्र्याच्या गाडीला, मी रबरच पसंत करतो. मऊ रबर खड्ड्याचा धक्का स्वतः खाते, कडक बुश तो धक्का त्या वेल्डिंगच्या जोडांकडे पाठवतो.

हत्यारांत मिलिमीटर मापाचे रिंग पाने आणि गोटी पान्यांचा संच, लांब टॉमी (पान्याला जोर देण्याचा दांडा), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळण्याचा), ट्रॉली जॅक, निदान दोन आणि शक्यतो चार घोड्या (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड), हॅक्सॉ, पितळी दट्ट्या, दोन किलोचा हातोडा, तारेचा ब्रश आणि एक मजबूत वाईस एवढे पुरते. फियाट इटलीची असल्याने तिचे आटे मेट्रिक आहेत. ॲम्बॅसडरसाठी ठेवलेले इंची पाने इथे जवळपास बसल्यासारखे वाटतात आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून ठेवतात.

गाडी उचलणे

कामाच्या दोन दिवस आधी सगळे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा सोडावे. मागच्या सगळ्या रबरांची रजा होणारच आहे, त्यामुळे इथे ते तेल रबरावर पडले तरी हरकत नाही. ब्रेकच्या रबरी नळीवर मात्र ते पडू देऊ नये.

जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत, कारण हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो आणि ती हवेत गेली की त्याचा काही उपयोग उरत नाही. चाकांचे नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत. मग ट्रॉली जॅक डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या, खाली, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून, लावावा आणि गाडी उचलून घोड्या बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या जरा पुढे, मजबूत पट्टीवर द्याव्यात. त्या ॲक्सलखाली देऊन चालत नाही, कारण सोडवायचा आहे तो ॲक्सलच. घोड्यांवर भार आल्यानंतर गाडी दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावी. हलायची असेल तर ती आपण बाहेर असताना हलावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये, मग काम एका मिनिटाचे का असेना.

पेट्रोलची टाकी याच भागात आहे आणि अनेक गाड्यांत डिकीत सीएनजीचे सिलिंडरही असते. त्यामुळे गॅसची ज्योत, वेल्डिंग किंवा ठिणग्या उडवणारा ग्राइंडर गाडीखाली न्यायचा नाही. गंजलेल्या बोल्टसाठी या लेखात हॅक्सॉच सुचवला आहे तो त्यासाठीच.

पाटा उतरवणे

एका वेळी एकच बाजू सोडवावी. दुसऱ्या बाजूचा पाटा जागेवर असला की ॲक्सल आपली जागा सोडत नाही आणि जोडताना तासभराची ओढाताण वाचते. शिवाय जोडणीत काही शंका आली, तर दुसऱ्या बाजूकडे पाहता येते. तरीही सुरुवातीलाच मोबाइलवर सगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

चाक काढल्यावर जॅक ॲक्सलखाली हलकेच टेकवून ठेवावा, म्हणजे तो अचानक खाली पडणार नाही. शॉकअपचे खालचे टोक सोडवावे. स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी फार कलू न देणारा दांडा) असेल तर त्याची लिंकही सोडवावी. आता जॅक थोडा थोडा खाली घेत पाटा जवळजवळ मोकळा होईल अशा उंचीवर थांबावे आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना हे प्रत्येक वेळी पाहावे. त्या नळीवर ॲक्सलचे वजन कधीही येऊ द्यायचे नाही. डिफरन्शियलचे नाक वर किंवा खाली कलंडू नये म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा द्यावा.

यानंतर यू-बोल्टचे नट आळीपाळीने, सारखे सारखे सैल करावेत. खालची प्लेट उतरली की पाट्याच्या मध्यावर सेंटर बोल्टचे डोके दिसते. ते ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि ॲक्सलची पुढेमागे जागा तेच ठरवते. मध्ये रबरी पॅड किंवा पट्टी असेल तर ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने होती, हे लिहून ठेवावे.

मागची शॅकल आधी सोडवावी. दोन्ही नट काढले की बाहेरची पट्टी पितळी दट्ट्याने हलके ठोकत निघते आणि मग आतली पट्टी पिनांसह बाहेर येते. पाट्यात थोडा ताण राहिलेला असतो, त्यामुळे शेवटची पिन निघताना टोक उडी मारू शकते. चेहरा त्या रेषेत ठेवू नये आणि टोकाखाली ठोकळा असू द्यावा.

पुढचा बोल्ट बहुधा सर्वांत जास्त त्रास देतो. नट निघतो, पण बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. लगेच हातोडा मारू नये. आधी डोक्याला पाना लावून बोल्ट पुढेमागे फिरवावा, तेल सोडावे, पुन्हा फिरवावा. नुसता बोल्ट फिरू लागला तर तो थोड्या वेळाने निघणार. बोल्टबरोबर नळीही फिरत असेल आणि रबर नुसते पिळून परत येत असेल, तर तो ठोकून निघण्याची आशा सोडावी. अशा वेळी डोळ्याची कड आणि ब्रॅकेटचा गाल यांमधल्या फटीत नुसते हॅक्सॉ ब्लेड घालून, एका टोकाला कापड गुंडाळून, बोल्ट आणि नळी दोन्ही बाजूंनी कापावेत. एका बाजूला अर्धा तास लागतो, हात दुखतो, पण ब्रॅकेट वाचतो. हातोड्याने ब्रॅकेटचे गाल वाकले, तर ते सरळ करणे हे वेगळेच काम होऊन बसते.

उतरवलेला पाटा धुऊन उजेडात नीट पाहावा. त्याच्या थरांतल्या पहिल्या, म्हणजे डोळे असलेल्या पाट्यावर डोळ्याच्या मुळाशी आडवा केसासारखा तडा आहे का, सेंटर बोल्ट शाबूत आहे का, पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा आहेत का, हे तपासावे. दोन्ही पाटे शेजारी ठेवून त्यांची कमान ताडावी. डिकीत वर्षानुवर्षे सीएनजीचे सिलिंडर वाहिलेल्या गाडीत पाटे बसलेले असतात आणि ते पाट्यांचेच काम करणाऱ्या कारागिराकडून नव्याने कमान देऊन घेण्याची हीच वेळ असते. तडा असलेला पाटा मात्र वेल्ड करून वापरू नये, बदलावा.

जुना बुश काढणे

अनेक ठिकाणी जुना बुश गॅसच्या ज्योतीने जाळून काढतात. काम पाच मिनिटांत होते हे खरे, पण जळत्या रबराचा धूर विषारी असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्याभोवतीच्या पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, उतरतो. पाट्याचा सगळा जीव त्या पाण्यात आहे. म्हणून हे टाळावेच.

जवळ लेथचे वर्कशॉप असेल आणि त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस असेल, तर तिथे बुश दाबून काढून घेणे सर्वांत चांगले. घरी करायचे असेल तर आधी ड्रिलने रबरात भोके पाडून आतली नळी आणि रबर काढून टाकावे. मग हॅक्सॉचे ब्लेड एका बाजूने सोडवून डोळ्यातून ओवावे, पुन्हा जोडावे आणि बाहेरच्या नळीला आतून उभा काप द्यावा. इथे घाई करू नये. नळीची भिंत पातळ असते आणि ती कापली गेली की ब्लेडखालचा आवाज बदलतो, खरखरीऐवजी किंचित चिवट, खोल आवाज येतो. त्या क्षणी थांबावे. ब्लेड डोळ्याच्या पोलादात उतरले, तर तो ओरखडा पुढे तडा होण्याची जागा बनतो. काप दिलेली नळी अरुंद छन्नीने आत दुमडली की ढिली होऊन बाहेर येते. मग डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करावा आणि बोटाने चाचपावा, काही टोचता कामा नये.

पिना

जुनी शॅकल पिन साफ करून तिच्यावर नखाने लांबीच्या दिशेने रेघ ओढल्यासारखे करावे. जिथे रबर बसत होते तिथे नख एका बारीक पायरीवर अडखळते. ती पायरी डोळ्यांना अनेकदा दिसतही नाही. व्हर्नियरने न झिजलेल्या आणि झिजलेल्या जागेचे माप घेतले की फरक कळतो. रबर लोखंडाला झिजवते कसे, असा प्रश्न नवख्याला पडतो. रबर सैल झाले की त्यात धूळ आणि वाळू शिरते, आणि मग ते पिनेवर पॉलिश पेपरसारखे काम करते. अशा पायरी पडलेल्या पिनेवर नवे रबर बसवले तर ते पहिल्या दिवसापासूनच सैल असते. झिजलेली पिन वेल्ड भरून पुन्हा लेथवर उतरवण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नये. वेल्डच्या कडेला धातू ठिसूळ होतो आणि पिन तिथेच तुटते. तयार पिन मिळाली नाही, तर लेथवाल्याकडून ईएन-८ या मध्यम कार्बनच्या, जास्त मजबूत पोलादाची नवी बनवून घ्यावी. साध्या माइल्ड स्टीलची नको. नमुना म्हणून जुनी पिन देताना माप मात्र न झिजलेल्या जागेचे द्यावे आणि दोन जाडींच्या सांध्यावर कोपरा काटकोनी न ठेवता किंचित गोलाई ठेवायला सांगावे, कारण भार आल्यावर तडा त्या कोपऱ्यातूनच निघतो.

नवा बुश बसवणे

सायलेंट ब्लॉक डोळ्यात हातोड्याने ठोकू नये. प्रेस नसेल तर वाईसच्या जबड्यांत, किंवा एक लांब आटेदार दांडा, दोन जाड वायसर आणि योग्य मापाची गोटी वापरून तो ओढून घेता येतो. कोणत्याही पद्धतीत दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर आला पाहिजे. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाब आला तर रबर नळीपासून सुटते आणि बुश बसण्याआधीच निकामी होतो. म्हणून गोटीचा बाहेरचा व्यास डोळ्यापेक्षा थोडा कमी आणि आतला व्यास रबरापेक्षा जास्त असा निवडावा. बाहेरच्या नळीला साबणाचे पाणी लावावे, तेल नाही. पहिले तीनचार मिलिमीटर सरळ गेले की पुढचा प्रवास सोपा असतो. तिरका जातो आहे असे वाटले तर मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. शेवटी दोन्ही बाजूंना नळी सारखीच बाहेर दिसली पाहिजे.

बुश हाताच्या जोरानेच आत गेला, तर आनंद मानू नये. डोळा उघडला आहे असा त्याचा अर्थ. वेल्डचे ठिपके देऊन बुश पकडून ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्याने रबरही जळते आणि पाट्याचे पाणीही उतरते. पहिला पाटा बदलणे किंवा पाटे-कारागिराकडून डोळा नव्याने वळवून घेणे, एवढेच मार्ग आहेत.

जोडणी आणि शेवटचे आवळणे

पाटा जागेवर नेऊन आधी पुढचा बोल्ट घालावा. बोल्टाच्या सरळ भागाला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी तो नळीत गंजून बसणार नाही. हे ग्रीस रबराला लागत नाही, ते फक्त दोन लोखंडांमध्ये राहते. नट हाताने लावून सोडून द्यावा. मग शॅकलची रबरे साबणाच्या पाण्याने ओली करून दोन्ही बाजूंनी बसवावीत, पिना घालाव्यात, बाहेरची पट्टी लावून तिचेही नट हातानेच लावावेत. जॅकने ॲक्सल हळूहळू वर घेत सेंटर बोल्टचे डोके भोकात बरोबर उतरल्याची खात्री करावी. हे बोटाने चाचपूनच कळते. डोके भोकाच्या कडेवर चढलेले असताना यू-बोल्ट आवळले, तर ॲक्सल कायमचा तिरका बसतो. यू-बोल्टचे चार नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. त्यांचा बुशाच्या पिळाशी संबंध नसल्याने ते याच वेळी पूर्ण आवळले तरी चालतात. शॉकअपचे खालचे टोक घालून त्याचा नटही सैल ठेवावा. दुसऱ्या बाजूचे सगळे काम याच क्रमाने करावे.

दोन्ही बाजू जागेवर आल्या, की गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी करायची. पिट उपलब्ध असेल तर चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, डिकी चार-पाच वेळा दाबून सोडावी, गाडी हाताने मीटरभर पुढेमागे ढकलावी आणि मग पिटमध्ये उतरून नट आवळावेत. पिट नसेल तर उपाय सोपा आहे. ॲक्सल जॅकने उचलून घोड्या बॉडीखालून काढाव्यात आणि त्या ॲक्सलच्या नळीखाली, दोन्ही टोकांना, पाट्याच्या शक्य तितक्या जवळ द्याव्यात. आता बॉडीचे सगळे वजन पाट्यांवर आहे, चाके जमिनीला टेकलेली असोत वा नसोत. सुरुवातीला वहीत लिहिलेले चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे माप इथे घेऊन पाहावे. पाट्यांना नवी कमान दिली नसेल तर ते जवळपास तेवढेच आले पाहिजे. आले, म्हणजे रबर आपल्या खऱ्या विश्रांतीच्या स्थितीत आहे.

याच स्थितीत पुढचा बोल्ट, शॅकलचे नट आणि शॉकअपचा नट, या क्रमाने शेवटचे आवळावेत. आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा. ते हाती नसेल तर ८.८ प्रतीच्या (ही बोल्टच्या मजबुतीची प्रत) १२ मिलिमीटर बोल्टसाठी सामान्यतः ८० न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर धरतात, म्हणजे एक मीटर लांब टॉमीच्या टोकाला साधारण ८ किलोचा भार. शॅकलच्या पिनांना खांदा, म्हणजे जाडी बदलते तिथली पायरी, असतो. पट्टी त्या खांद्यावर टेकेपर्यंत आवळायचे असते. त्याआधीच रबर बाहेर फुगू लागले, तर रबर चुकीच्या मापाचे आहे. जोर लावून पट्टी टेकवण्याचा प्रयत्न करू नये.

सगळे आवळून झाल्यावर शॅकल कोणत्या बाजूला झुकलेली आहे ते पाहावे. दोन्ही बाजूंचा कोन सारखा हवा. एक सरळ आणि एक तिरकी असेल तर पाट्यांची कमान वेगवेगळी आहे किंवा एका बाजूचा सेंटर बोल्ट नीट उतरलेला नाही. पुढच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचे पहिले माप दोन्ही बाजूंना पुन्हा घ्यावे. ते जुळले की चाके लावून गाडी खाली घ्यावी, चाकांचे नट जमिनीवर पूर्ण आवळावेत आणि ब्रेकची रबरी नळी कुठे पीळ खाऊन तर बसलेली नाही ना, हे एकदा हाताने पाहावे.

पहिली फेरी ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर आणि कमी वेगाने मारावी. जागची निघताना आणि ब्रेक मारताना कान द्यावा. गाडी पहिल्या दिवशी थोडी कडक वाटते, नवी रबरे काही दिवसांत बसतात. पाट्यांना नवी कमान दिली असेल तर मागची उंची वाढून हेडलाइटचा झोत खाली पडतो, तोही जुळवून घ्यावा. १०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, ते थोडे फिरतातच, कारण पाट्यांमधला रंग आणि गंज दबलेला असतो. ५०० किलोमीटरनंतर तीच तपासणी आणखी एकदा करावी, आणि त्या वेळीही बुशाचा एखादा बोल्ट सैल करून पुन्हा आवळायची गरज पडली, तर गाडी आधी ॲक्सलखालच्या घोड्यांवर घ्यावी.